दाजींचे हात रजेवर गेले तेव्हा

दाजी मिस्त्री कुठलीही मोटारसायकल उघडण्याआधी ती माडाला टेकवून उभी करायचे. गॅरेजसमोर, आमच्या तिठ्याच्या कोपऱ्यावर, एक जुना माड होता. पुढचं चाक त्याच्या बुंध्याला लावायचं, गाडी चालू करायची, तिसरा गिअर टाकायचा, रेस द्यायची आणि क्लच हळूहळू सोडायचा. क्लच धडधाकट असला की गाडी माडाला एक ढुशी देऊन जागच्या जागी बंद पडे. घसरत असला की इंजिन नुसतं बोंबलत राही आणि चाक ढिम्म हलत नसे. माडाच्या बुंध्यावर गुडघ्याएवढ्या उंचीला टायरच्या रबराचा काळा पट्टा पडला होता. "माडाक इचारूया," असं ते म्हणत, अगदी देवळात कौल लावायला निघाल्यासारखं. "माणूस खोटा बोलता, मीटर खोटा बोलता. माड खोटा बोलणा नाय."

हे सगळं मी आज लिहायला बसलो आहे त्याला कारण आहे. दाजींच्या नावावर एक हार लागलेली आहे. "दाजीक आख्ख्या आयुष्यात एकच क्लच जमलो नाय," असं आमच्या तिठ्यावर अजून म्हणतात. हसत म्हणतात, प्रेमाने म्हणतात, पण म्हणतात. ती मोटारसायकल माझी. आणि दाजींना ती जमली नाही, हे खरं नाही. मी मुळातच कमी बोलणारा, आणि या बाबतीत तर तोंड शिवल्यासारखाच राहिलो. पन्नाशी उलटली. आता बोलतो.

दाजींचा अवतार मिस्त्र्याचाच होता. खाकी अर्धी चड्डी, बनियन आणि त्या बनियनचा मूळ रंग कोणता याबद्दल बाकावर बसणाऱ्यांत दोन तट. हात मात्र भटजीसारखे स्वच्छ. दर कामाआधी ते चुलीतली राख आणि लिंबाची साल घेऊन कोपरापर्यंत हात घासत. गिऱ्हाईक घाईत असेल तर त्याला ते बघत बसावं लागे. कोणी म्हणालंच, "दाजी, तेलात हात घालूचो तर धुतात कित्याक?" तर उत्तर ठरलेलं: "भुतूरला जग आपल्यापरास साफ आसा. मळक्या हातान त्येच्या दारात जावचा नाय."

इंजिन उघडलं की परसातून केळीचं पान यायचं. निघालेला प्रत्येक भाग त्या पानावर, ज्या क्रमाने निघाला त्या क्रमाने, डावीकडून उजवीकडे मांडला जाई. स्क्रू मिठाच्या जागी, स्प्रिंगा लोणच्याच्या जागी, प्लेटी मधोमध भातासारख्या. परत बसवताना ते उजवीकडून जेवत यायचे. पान रिकामं झालं की झालं काम. "दुसऱ्या मिस्त्रींकडे बग, काम झाल्यार दोन नट उरतत आणि ते खिशात घालतत," ते सांगत. "आमच्या पंगतीत पानात टाकूची पद्धत नाय."

नव्या क्लचप्लेटी बसवण्याआधी रात्रभर तेलात भिजवाव्या लागतात. दाजी त्या काकींच्या टोपात भिजवत. काकी म्हणजे दाजींची बायको. त्या दुसऱ्या दिवशी आंबोळीचं पीठ भिजवायला टोप शोधत आणि मग गॅरेजच्या मागून आवाज येई, "माजो टोप खंय आसा? पुन्ना तेच्यात गाडी शिजत घातलात?" दाजी आमच्याकडे बघून डोळे मिचकावत आणि अतिशय नम्र आवाजात म्हणत, "वायच दम धर गो, अजून मऊ होवक नाय."

पण दाजींची खरी ख्याती गाऱ्हाण्याची. आमच्याकडे कुठलंही काम सुरू करताना देवाला गाऱ्हाणं घालतात. एकजण मागणं मागतो आणि बाकीचे प्रत्येक मागण्याला "व्हय म्हाराजा" म्हणतात. दाजी ते गाडी उघडण्याआधी घालत. गिऱ्हाइकाला गाडीशेजारी उभं करायचं, बाकावरच्या रिकामटेकड्यांना उठवायचं आणि डोळे मिटून सुरू:

"बा देवा म्हाराजा! आज ह्यो तुजो लेकरू आपली गाडी घेवन हय इलो आसा, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"तेणा गाडयेर तिगांका बसवल्यान आसात, व्हाळाच्या पाण्यात घातल्यान आसात, नायतर माका सोडून दुसऱ्या मिस्त्रीचो हात लावल्यान आसात, तर ता आताच तेच्या तोंडातसून भायर काड रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

लोक हसत. पण हसता हसता गिऱ्हाईक खरं बोलून जाई. "दाजी, खरा सांगू? मेव्हण्यान नेल्यान होती रेडीच्या जत्रेक, तिगे बसान." दाजी डोळे उघडत आणि म्हणत, "बग. अर्धी गाडी रिपेर झाली." डॉक्टर जशी नाडी बघतो तसं हे त्यांचं गाऱ्हाणं होतं. चेष्टेच्या आत काम दडलेलं.

जयूमावशीला मोटारसायकल शिकवली ती दाजींनीच. जयूमावशी आमची मासेवाली. नवरा वारल्यावर त्याची मोटारसायकल दारात गंजत उभी होती आणि मासे घेऊन मसुऱ्याकडे कसं जायचं हा तिच्यापुढे प्रश्न. दाजींनी तिला माडासमोरच क्लच शिकवला. आता ती साडीवर नवऱ्याचं जाकीट चढवून, मागे बांगड्यांचे क्रेट बांधून, रोज सकाळी सडा, म्हणजे गावावरचा कातळाचा माळ, चढते आणि वाटेत कोणाला सोडत नाही.

माझ्या गाडीचा क्लच घसरतो आहे हे मला जयूमावशीनेच कळवलं. गणपती नुकतेच गेले होते. मी तालुक्याच्या कचेरीत कारकून. सकाळी सडा चढून जायचं. त्या दिवशी घाटीवर माझं इंजिन जोरात किंचाळत होतं आणि गाडी मात्र पायी चालल्यासारखी. मागून हॉर्न वाजला. "सायबा, उतरान ढकल! तुज्या पाठी ऱ्हवलंय तर माजे बांगडे कुसतले!" आणि ती क्रेटांसकट पुढे निघून गेली.

आता जे मी दाजींना सांगितलं नाही ते सांगतो. माझा थोरला भाऊ होडीवाला. होडीच्या इंजिनात तेलाबरोबर घालायचं एक दाट, लालसर औषध त्याच्या खोपीत असायचं. "मशीन लोण्यासारखा चालता," असं तो म्हणायचा. माझी गाडी जुनी, इंजिन खडखडायचं. मला वाटलं, एवढी मोठी होडी दर्यात ओढणाऱ्या मशीनला जे चालतं ते माझ्या गाडीला अमृतच. भावाला न विचारता बाटली उचलली आणि अर्धी ओतली. इंजिन खरंच लोण्यासारखं चालू लागलं. आठवड्याभरात क्लच घसरायला लागला. या दोन गोष्टींचा काही संबंध असेल हे तेव्हा माझ्या डोक्यातही आलं नाही.

दाजींनी क्लचची दांडी बोटाने हलवून बघितली. "दांडयेक वायच ढील व्हयी. ढील नाय तर प्लेटी कायम अर्धवट सुटलेल्यो." तार सारखी केली. मग माडाला विचारलं. माड म्हणाला, घसरतोय. मग हात धुतले, पान आलं, आणि गाऱ्हाणं सुरू झालं. त्या दिवशी बाकावर सहाजण होते, त्यांत आमच्या कचेरीचा शिपाई.

"आणि माज्या हातच्या तेलाशिवाय हेणा इंजनात दुसरा काय्येक घालूक नाय, ह्या खरा मा, सायबा?"

मी लोकांचे अर्ज परत करणारा माणूस. रकाना चुकला, परत. सही राहिली, परत. त्या माणसाने दुसऱ्याच्या खोपीतली बाटली उचलून, वरची अक्षरं न वाचता, गाडीत ओतली, हे शिपायासमोर कसं सांगायचं? मी म्हणालो, "व्हय म्हाराजा."

बाकीच्यांनीही म्हटलं, "व्हय म्हाराजा."

प्लेटी काचेसारख्या गुळगुळीत झालेल्या निघाल्या. दाजींनी एक माझ्या नाकाशी धरली. "वास घे. करपलेल्या पेजेचो वास." नव्या प्लेटी, नवं तेल. गाडी दोन महिने उत्तम चालली. मग इंजिन पुन्हा खडखडायला लागलं, आणि मी उरलेली अर्धी बाटली ओतली.

आठ दिवसांत पुन्हा दाजींच्या दारात. दाजींचा विश्वास बसेना. प्लेटी जवळजवळ नव्या. त्यांनी त्या पेट्रोलने धुतल्या, स्प्रिंगांची लांबी एकेक करून मोजली, मधल्या लोखंडी चकत्या काकींच्या आरशावर सपाट ठेवून कुठे वाकल्यात का ते बघितलं. काहीच सापडेना. बसवताना, आधी काढून ठेवलेलं तेल उजेडात धरून म्हणाले, "दोन म्हयन्यांचा तेल. अजून बरा आसा. फेकूचा कित्याक?" आणि तेच परत ओतलं.

तेव्हा मला शंका आली होती. खरं तर शंका नव्हे; जवळजवळ खात्रीच. मी समोर उभा राहून ते तेल आत जाताना बघत होतो. नुसतं म्हणायचं होतं, दाजी, थांबा. म्हणालो नाही. घरी जाऊन भावाच्या खोपीतली दुसरी बाटली उजेडात धरून वाचली. बारीक अक्षरांत लिहिलं होतं की ज्या इंजिनात क्लच तेलात बुडालेला असतो, तिथे हे वापरू नये.

चार दिवसांनी गाडी तिसऱ्यांदा तिथे. दाजींनी त्या दिवशी गाऱ्हाणं घातलं नाही. सगळं नवं घातलं, तेलसुद्धा. गाडी बरी झाली. माडाला ढुशी देऊन बंद पडली. बाकावरचे म्हणाले, "झाला दाजी, जिकलात!" दाजी म्हणाले, "बरी झाली म्हणान काय? कित्याक बरी झाली ता सांग." कोणालाच सांगता येईना. ज्याला सांगता येत होतं तो खाली बघत होता.

दुसऱ्या दिवशी कचेरीत जाताना बघितलं तर गॅरेजच्या पाटीवर 'क्लच' या शब्दावर काळा रंग फासलेला. पंक्चर, तेल, ब्रेक, सगळं होतं. क्लच नाही. लांबलांबून, थेट कुडाळहून लोक ज्यासाठी येत, तेच त्यांनी स्वतःच्या हाताने पुसलं होतं. मी शिमग्यापर्यंत त्या पाटीखालून रोज दोनदा गेलो.

शिमगा होऊन गेल्यावरची गोष्ट. मी बाकावर चहा घेत होतो. जयूमावशी रिकामे क्रेट घेऊन आली. "दाजी, घाटयेर गाडी वरडता. क्लच बग."

दाजी जागचे उठले नाहीत. "कुडाळाक ने."

"कुडाळाक? तुज्या दारातसून कुडाळाक? आजारी आसस काय?"

"हात गेले गो माजे," दाजी म्हणाले. "एक गाडी तीनदा खोललंय. तिसऱ्यांदा बरी झाली, पण कित्याक ता माका ठावक नाय. जा काम माका ठावक नाय, ता मी तुज्या गाडयेक करूचंय नाय. तू एकटी घाटी चढतंस. पावसाआदी गॅरेजच बंद करूचा म्हणतंय."

उभ्या जन्मात जिचं तोंड बंद झालं नाही ती जयूमावशी क्रेट पालथा घालून त्यावर बसली आणि गप्प झाली. ती गप्प झाली हे मला सहन झालं नाही.

"दाजी," मी म्हणालो, "हात गेले नाय तुमचे. मी औषध ओतलंय."

"कसला औषध?"

"होडयेचा. मशीन लोण्यासारखा चालता, ता."

"खंय ओतलंस?"

"तेलात."

"कितक्या?"

"पयल्यांदा अर्धी बाटली. मगे उरलेली अर्धी."

दाजी बोटांवर काहीतरी जुळवत होते. "आणि मधी मी ताच तेल परत घातलंय."

"व्हय. मी बगत होतंय."

जयूमावशी उसळली. "मेल्या! गणपतीवांगडा तोंडाचाय इसर्जन केलंस काय?"

दाजींनी खाली मान घातली. त्यांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं, मी या म्हाताऱ्या माणसाला रडवलं. मी हात पुढे केला, तर त्यांनी मान वर केली. ते हसत होते. डोळ्यांतून पाणी, तोंडातून आवाज नाही, असं हसणं. "निसरडा!" यापुढे त्यांना बोलता येईना. "प्लेटी न्हातत त्या तेलात... तेलच निसरडा तर एकमेकीक धरतल्यो कश्यो? होडयेत क्लच वेगळो, तेचा तेल वेगळा! हिच्यात सगळी एकाच न्हाणयेत!" मग मागच्या दाराकडे तोंड करून ओरडले, "आयकलंस गो? हात शाबूत आसत माजे!"

मी शिवी खायची तयारी करून बसलो होतो. शिवी आली नाही. आली ती राख. दाजी उठले, हात घासले, कोपरापर्यंत, नेहमीपेक्षा जास्त वेळ, आणि जयूमावशीची गाडी माडाला लावली. घसरत होती. तारेला ढील नव्हती, एवढंच. पाच मिनिटांत माडाला अशी ढुशी बसली की वरून एक सुकी झावळी खाली आली. जयूमावशी टाळ्या पिटत होती. नंतर तीच पेट्रोलचं फडकं घेऊन पाटीवरचा काळा रंग पुसायला चढली.

शिक्षा मला झाली, पण दाजींच्या पद्धतीची. पुढच्या रविवारी त्यांनी माझीच गाडी माझ्याच हातांनी उघडायला लावली. सही करण्यापलीकडे हाताचा उपयोग न केलेला मी माणूस. पहिला स्क्रू निघेपर्यंत घाम. पानावर सगळं मांडलं, परत बसवलं, आणि एक वायसर पानात उरला. दाजी म्हणाले, "सायबा, रकानो रिकामो ऱ्हवलो. अर्ज परत." चार रविवार लागले. चौथ्या रविवारी पान रिकामं झालं आणि माझा आनंद बघायला बाकावर अख्खा गाव. क्लच तेवढा मला अजून येतो.

जयूमावशीला ही बातमी मसुऱ्यापर्यंत दारोदार वाटायची होती. दाजींनी तिला अडवलं. "जयू, ह्या तुज्या पाटयेत घालूचा नाय. तेका कचेरीत बसूचा आसा." जिच्या क्रेटातून रोज माशांबरोबर चार गावांच्या बातम्या जातात, तिने ही एक बातमी ठेवली. लोक विचारत, "काय दाजी, हात परत इले?" दाजी म्हणत, "रजेर गेले होते. सरकारी हवा लागली." सगळे हसत. मीही हसायचो. चेष्टा त्यांनी स्वतःवर घेतली आणि मी ती त्यांच्यावरच राहू दिली. पाटीवरचा रंग पुसला गेला, पण तिठ्यावरच्या गजालीत ती हार तशीच राहिली.

दाजी गेल्या वर्षी गेले. दुपारी जेवून, हात धुऊन, बाकावर आडवे झाले ते उठले नाहीत. बाराव्याला सगळा तिठा जमला होता. रडणं कमी आणि त्यांचे किस्से जास्त. त्यांना तसंच आवडलं असतं. कोणीतरी म्हणालं, "कितकेय क्लच केल्यांनी, फक्त आमच्या सायबाची गाडी काय जमाक नाय तेंका!" लोक माझ्याकडे बघून हसले. जयूमावशी हसली नाही. ती माझ्याकडे बघत राहिली. आणि मी, मेलेल्या माणसाच्या अंगणात बसून, पुन्हा गप्प बसलो. पहिल्यांदा गप्प बसलो ते लाजेने. या वेळी कशाने, ते मला अजून सांगता येत नाही.

म्हणून हे लिहिलं. दाजींना न जमलेला एकही क्लच नव्हता. तिसऱ्यांदा बरी झालेली गाडी दाजींनी पहिल्या खेपेलाच बरी केली होती. बिघडवणारा मी होतो.

छापायला देण्याआधी हे काकींना वाचून दाखवलं पाहिजे असं वाटलं. काल सकाळी गेलो. त्या ओटीवर कोकमं फोडत बसल्या होत्या. मी वाचत गेलो, त्या फोडत गेल्या. बाटलीपाशी आलो तेव्हाही त्यांचा हात थांबला नाही. त्यांनी मान वर केली नाही.

वाचून झाल्यावर मी म्हणालो, "काकी, तुमका ह्या आदीच सांगूक व्हया होता."

"माका म्हायत होता," काकी म्हणाल्या. "त्याच दिवशी सांगल्यांनी माका. जेवताना. हसान हसान ठसको लागलो तेंका."

"मग तुमी कधी बोललात नाय?"

"मी कशाक बोलू? पैज लागलेली आमची." त्यांनी कोकमाचे हात पदराला पुसले. "मी म्हटलंय, ह्यो माणूस चार लोकांत कधी सांगूचो नाय. तर ते म्हणाक लागले, सांगतलो. वेळ लागतलो, पण आपणच सांगतलो. तेका कोणी इचारूचा नाय."

मी विचारलं, "पैजेक काय लावलेलात?"

"काय नाय. नुसती पैज." त्या उठल्या, माझ्या हातातले कागद घेतले, उलटसुलट करून बघितले आणि परत दिले. "जा, छापूक दी." मग ओटीच्या कडेला जाऊन, बंद गॅरेजकडे तोंड करून, भांडायला बोलवावं तशा मोठ्या आवाजात म्हणाल्या,

"आयकलात? जिकलात तुमी!"